लाडू कसे झाले होते

“आमची पूर्वा व्हय? चिमणीसारखी खाती. पीजीवाल्याचा फायदाच,” निपाणीच्या स्टँडवर आत्या शेजारणीला सांगत होती. मी बेंगळुरूच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. ऐकलंच नाही असं दाखवत बॅग नीट करत राहिले. अभ्यास करते, बोलत नाही, कमी खाते; घरात माझी ओळख एवढीच. आई काचेवर टकटक करून म्हणाली, “वेळेवर जेव गं.”

घरी आम्ही सगळे एकदमच खाली बसून जेवायचो. भाकरी संपत आली की आई न विचारता दुसरी वाढायची, आप्पा टीव्हीतल्या सीमाप्रश्नाशी भांडायचे. इथं पीजीच्या खोलीत एक टेबल, त्यावर लॅपटॉप. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मी अजूनही थोडंसंच घेते.

ते पहिल्यांदा झालं एका रविवारी दुपारी. मॅनेजरचा मेसेज वाचला आणि आईनं पाठवलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला. पहिला लाडू आठवतो. मग पंख्याचा आवाज लांब गेला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. हात डब्यात जात होता, तोंडाकडे येत होता. तो माझाच आहे हे माहीत होतं, जाणवत नव्हतं. तेवढा वेळ भीतीसुद्धा नव्हती. बोटं तळाच्या पत्र्याला लागली तेव्हा मी परत आले. पोट दुखत होतं, कुडत्यावर गूळ चिकटला होता, आणि भीती माझ्या आधीच येऊन बसली होती.

मग ते होतच राहिलं. मी बिस्किटं आणणं बंद केलं, पुढचा डबा कपाटावर ठेवला. उपयोग झाला नाही. इंटरनेटवर यासाठी इंग्रजी शब्द सापडले, शाळेतल्या स्पेलिंगसारखे पाठही झाले. आईला सांगायला त्यातला एकही चालणार नव्हता. घर सोडून आलेल्या कुणाकुणाला हे न सांगताच कळेल. मागे राहिलेल्यांना कसं सांगायचं, हेच मला जमत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बोलता बोलता नवा डबाही संपल्याचं माझ्या तोंडून निघून गेलं.

“डबा संपला एवढ्यात? लई आवडलं वाटतं. अजून करून पाठवतो.”

नको म्हणावं, तर का म्हणून विचारणार.

“या बारीला घरात वेलदोडं न्हवतं, जायफळ घातलं. कसं लागलं गं?”

छान झाले होते, एवढं म्हटलं असतं तर फोन संपला असता. ऑफिसात मी रोज तसंच करते. पण मी ती चव आठवायला गेले आणि तिथं काहीच नव्हतं. पलीकडे आई वाट बघत होती. जेवलीस का, हे इथंही विचारतात. कसं लागलं, असं विचारून उत्तरासाठी थांबणारं माणूस जिथं आहे, तेवढंच आता मला घर वाटतं.

“आई, मला म्हाईत न्हाय,” मी म्हणाले. “डबा मीच संपवला. पण खाताना मी तिथं न्हवतोच.”