जांबोटीची तीन शेतं

आकड्यांच्या कचेरीत कसले किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, फायलींपेक्षा तेच जास्त साठले! ऐंशीच्या आसपास मी खानापूर तालुक्यात अशाच एका कचेरीत होतो. पाऊस, खत, भाताचं पीक यांचे आकडे जमवायचे आणि काय कशाच्या जोडीनं वाढतं ते काढायचं, हे आमचं काम. उत्तर येतं त्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. एक आला तर पक्की जोडी, शून्याजवळ आला तर सरळ नातं नाही.

आकडेमोड शांताक्काची. खासबागची, घरातली पहिली बी.एस्सी., नोकरी मात्र टेंपररी. कायम व्हायला साहेबांची सही हवी होती. ती मिळेपर्यंत तिच्या घरात कुणाला सुखाची झोप नव्हती.

*

आमच्या कारकून चौगुलेनं एकदा गुणांक काढला, तो आला एक पूर्णांक तीन!

"अहो, एकच्या वर जातच नाही तो!" साहेब ओरडले.

"जांबोटीचा पाऊस हाय साहेब," चौगुले म्हणाला, "मावंना झालाय!"

शांताक्कानं सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

*

जांबोटीत पाऊस मोजणाऱ्या अण्णांनी महिनाभर रोज एकच आकडा लिहिला. फरकच नाही, त्यामुळे सूत्रात खाली शून्य आलं आणि भागाकार अडला. बस नव्हती, शांताक्का चालत गेली.

"अण्णा, रोज सारखाच पाऊस?"

"भिजाय तर रोज सारखंच हुतंय की गं!"

आक्कानं स्वतःची छत्री त्यांना दिली. पुढच्या महिन्यापासून खरे आकडे आले.

*

एकदा आलेखावर एक ठिपका सगळ्यांच्या वर, एकटाच. "हा प्रगतिशील शेतकरी! याचा सत्कार करू," साहेबांनी जाहीर केलं.

आक्कानं नखानं खरवडून पाहिलं. चौगुलेच्या डब्यातली कारळ्याची चटणी!

*

आम्ही ज्या गावांना जास्त फेऱ्या मारल्या, तिथं कीड जास्त निघाली. गुणांक चांगला तगडा! साहेबांनी फर्मान काढलं, "फेऱ्या बंद!"

"साहेब, डॉक्टर आजाऱ्याच्याच घरी जातोय," आक्का म्हणाली, "म्हणून आजार त्येनंच आणला व्हय?"

*

एका वर्षीचा खत आणि पिकाचा अहवाल निघेपर्यंत पुढची रोपलावण आली. साहेबांना वर दाखवायला गुणांक शून्य पूर्णांक नऊ हवा होता. आला शून्य पूर्णांक सहा. जांबोटीच्या तीन शेतांत खत भरपूर घातलेलं, पण पावसानं धुऊन नेलं आणि पीक थोडं आलं.

"ती तीन काढा. ती शेतं नाहीतच समजा," साहेब म्हणाले. आक्काला कायम करायचा कागद त्यांच्या पुढ्यात होता, पेनही हातात होतं.

"न्हाय काढणार. पेरलंय त्येंनी, मोजलंय मी."

"मग सही विसरा."

आक्का उठून दाराशी गेली. "ऱ्हाऊ दे सही. पर शेत न्हाय म्हणायचं तर त्येंच्या तोंडावर म्हणा. चला!"

साहेबही हट्टाला पेटले. जीप जाईल तिथवर जीपनं, पुढं चालत. पहिल्याच बांधावर साहेबांचा पाय घसरला, तो गुडघ्यापर्यंत चिखलात. शेताचे मालक, म्हातारे आप्पा, रोप लावत होते.

"आप्पा," आक्का म्हणाली, "साहेब म्हणत्यात, तुमचं शेत न्हायच म्हणून."

आप्पांनी कंबर सरळ केली. साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग ह्येंचा पाय कशात रुतलाय?"