माझे साडू आणि मंत्र्याचे क्लास

वर्धा जिल्ह्यात माझ्या साडूंइतके क्लास दुसऱ्या कोणी केले असतील असं मला वाटत नाही, आणि इतके क्लास करून इतकं कमी पदरात पडलेला माणूस तर अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. सिंदी रेल्वे या गावी त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं, दुकान. साठी झाली तशी त्यांनी ते मुलाच्या हाती दिलं, वर्ध्याला लागून नालवाडीला घर बांधलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते विद्यार्थी झाले. पोहण्याच्या क्लासला ते तीन उन्हाळे गेले. पाण्यात उतरले ते एकाच उन्हाळ्यात, तेही कठड्याचा दांडा न सोडता, पण पोहताना श्वास कसा सोडावा यावर ते आजही अर्धा तास बोलू शकतात. पेटीच्या क्लासमध्ये ही पेटी कुठल्या लाकडाची, ते लाकूड कुठून येतं, आता पूर्वीसारखं का मिळत नाही, याच्या चौकशीत त्यांनी दोन महिने काढले. शेवटी गुरुजींनीच हात जोडले. योगवर्गात एकदा बाईंनी सगळ्यांना दहा मिनिटं मौन पाळायला सांगितलं. मिनिटभरानं त्या शांततेत भाऊंचा आवाज आला, "म्याडम, चालू झालं का मौन?"

आम्ही सगळे नातेवाईक त्यांना भाऊच म्हणतो. बोलणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा, ढेप आपली जोडीला. त्यांचा फोन आला की मी तो कानाला लावून कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ देतो, गॅस बंद करतो, ताटं घेतो आणि मधूनमधून "हो ना" म्हणतो. पलीकडे कधी काही बिघडलेलं मला आठवत नाही.

अशा माणसाच्या घरी मंत्री आला. दुकानात ढेपेच्या पोत्यांमागे एका कुत्रीनं पिल्लं घातली होती, त्यातलं शेवटचं उरलेलं हे. रंग लॅब्राडॉरचा, कान कुठल्याशा शेपर्डचे आणि बाकी सगळं सिंदी रेल्वेचं. कोणी कितीही हाका मारल्या तरी वळून बघायचा नाही, म्हणून भाऊंनी त्याचं नाव मंत्री ठेवलं. वर्षभरात तो वासरासारखा वाढला. चपला, पायपुसणी, ताईंच्या तुळशीची कुंडी, काही शिल्लक ठेवेना. (ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाऊंची पत्नी.) आपल्या कुत्र्याला वळण नाही याचं भाऊंना दुःख झालं नाही. त्यांचा चेहरा उलट उजळला. "साडूभाऊ," ते म्हणाले, "याचाबी क्लास असते म्हनते!"

ऑटोत मंत्र्याला उलट्या होत, त्यामुळे गाडी माझी आणि सारथ्यही माझंच.

पहिला क्लास वर्ध्यातच, एका मैदानावर, रविवारी सकाळी. तिथले मास्तर पूर्वी कुठेतरी बंदोबस्ताच्या कुत्र्यांवर होते, असं ते स्वतः सांगत. चौदा कुत्री एका रांगेत, दोघांत हातभराचं अंतर. मास्तर शिट्टी फुंकून असे काही ओरडत, की कुत्री जागची हलत नसत पण मालक ताठ उभे राहत. भाऊ तर टाचा जुळवून, छाती पुढे काढून उभे. तिसऱ्या रविवारी एका पामेरियननं शेजारच्या बॉक्सरच्या कानाला तोंड घातलं. दोन्ही कुत्री लगेच विसरली, मालक मात्र पुढचा पाऊण तास भांडत होते आणि मास्तर दोघांनाही शिट्टी वाजवून दाखवत होते. परतताना मी विचारलं, "कसा वाटला क्लास?" भाऊ म्हणाले, "मास्तरचा आवाज झक्कास आहे, बाप्पा! तो 'बैठ' म्हनला की मलेच बसू वाटते. मंत्र्याले काई वाटत नाई."

दुसरा क्लास नागपूरला. थंडगार हॉल, भिंतीवर पडदा, टाय लावलेले सर आणि शाम्पूचा वास येणारी तीस कुत्री. सर इंग्रजीत बोलत आणि पडद्यावर कुत्र्याच्या मेंदूचं चित्र दाखवत. भाऊ पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारत, मंत्री त्यांच्या पायाशी घोरत असे. काहीही केलं तरी बिस्किट, काहीही नाही केलं तरी बिस्किट, अशी तिथली रीत असल्यानं महिन्याभरात मंत्र्याच्या गळ्यातला पट्टा दोन भोकं पुढे सरकला. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. खाली मंत्र्याच्या पंजाचा ठसा आणि 'उत्कृष्ट' असा शेरा. उत्कृष्ट काय, ते लिहिलेलं नव्हतं. भाऊंनी ते चौकटीत बसवून बैठकीत मुलाच्या बी.कॉम.च्या पदवीशेजारी लावलं.

मग ते घडलं. ताई बाजारातून भाजी घेऊन आल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. मंत्र्यानं रोजच्यासारखंच प्रेमानं धावत येऊन दोन्ही पाय त्यांच्या खांद्यावर टाकले. त्या मागच्या मागे पायरीवरून पडल्या. उजवं मनगट मोडलं.

संध्याकाळी सिंदीहून मुलगा आला. आईचा हात पाहून त्याचा आवाज चढला. "बाबा, लय झालं आता. उद्या डोक्याले लागलं असतं तर? ओळखीच्या कोनाच्या वावरात देऊन टाकू याले. बांधून ठेवतील, राखन होईल." मी तिथेच होतो. भाऊ आता बोलतील, मग बोलतील, म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. ते उठले, भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं आणि कपाटामागे सरकवून दिलं. अंगणात बांधलेला मंत्री खिडकीकडे बघून शेपटी हलवत होता. आपण काय केलं ते त्याला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला आणि अर्ध्या मिनिटात संपला. "साडूभाऊ, तिचं प्लास्टर निघेपर्यंतची मुदत मागितली मी पोराले. रविवारी गाडी आनता का?" मी गॅसही बंद केला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांनी पत्ता दिला होता तो कारंजा घाडग्याचा. हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागलेला एक ढाबा, त्याच्या मागे संत्र्याचा बगिचा आणि झाडांच्या सावलीत क्लास. पडदा नाही, शिट्टी नाही. शिकवणाऱ्या बाई त्या बगिच्याच्याच मालकीण, चाळिशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. एका वेळी पाचच कुत्री घेत, दोघांत चांगलं दहा पावलांचं अंतर. एक गृहस्थ साखळीला हिसके देत होते. बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "दादा, साखळी ढिली सोडा. नाई जमत तर घरी जा, पन त्याच्या मानेले त्रास देऊ नका." मग त्या मंत्र्याजवळ आल्या. त्याला हात लावला नाही. भाऊंना म्हणाल्या, "काका, बसवा याले."

"बैठ," भाऊ म्हणाले. "मंत्र्या, बैठ. बैठ ना बाप्पा. काऊन बसत नाई? काल तर बसला होता! हे पाह्य, लय चांगल्या बाई हायेत, यांच्यासमोर इज्जत घालवतो का माही? बैठ, बेटा, मंग आपन…"

"काका," बाई म्हणाल्या, "यातलं त्यानं कोनतं ऐकावं?"

भाऊ मंत्र्याकडे बघू लागले.

"तुमी दिवसभर बोलून राह्यले त्याच्याशी. त्याले तुमचा आवाज म्हंजे पंख्याचा आवाज. एकदा म्हना, अन् थांबा. तो बसेपर्यंत दुसरा शब्द काढू नका."

"अन् नाई बसला तं?"

"तरी थांबा."

मी भाऊंना दुकानात गिऱ्हाइकांशी तास तास घासाघीस करताना पाहिलं आहे, पण त्यांचा कस लागला तो त्या बगिच्यात. पहिल्या रविवारी त्यांना पाच सेकंद थांबता आलं नाही. दुसऱ्या रविवारी शब्द आवरला, तर हात बोलू लागले. बाईंनी हात मागे बांधायला सांगितले. हात बांधले, तर भुवया. आठवडाभर ते घरी हाच अभ्यास करत. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ताई खुर्चीत बसत आणि भाऊंनी जास्तीचा शब्द काढला की डाव्या हाताचं बोट वर करत. एकदा मी सहज डोकावलो तर भाऊ आणि मंत्री अंगणात समोरासमोर गप्प उभे. मंत्री बसलेला नाही आणि भाऊंच्या मिशा थरथरत आहेत.

चौथ्या रविवारी भाऊंनी हात मागे बांधले आणि हळूच एकदा म्हणाले, "बैठ." मंत्र्यानं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर एका ट्रकनं भोंगा दिला, तिकडे पाहिलं. भाऊ काहीच बोलेनात, तसा तो कोड्यात पडल्यासारखा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. जन्मल्यापासून या तोंडातून काही येत नाही, असं त्याला कधी दिसलंच नसावं. आणि मग, जड गोणी टेकवावी तसा, तो बसला.

बाईंनी नुसती मान हलवली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण तेव्हाही ते बोलले नाहीत.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून मी ताईंना घरी आणलं. मुलगा आलेला होता, हातात नवी साखळी घेऊन. फाटकाबाहेर ताई थबकल्या. बारीक झालेला उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता. आत अंगणात भाऊ उभे, आणि मंत्री मोकळा. बायकोला पाहून भाऊंचा चेहरा एवढासा झाला, तरी ते म्हणाले, "उघड फाटक. मी आहो."

फाटक उघडलं, मंत्री सुटला. "बैठ," भाऊ म्हणाले. एकदाच, आवाज न चढवता. पायरीपाशी येऊन मंत्र्याचे पाय घसरले, अंग शेपटीपासून कानापर्यंत हललं, तोंडातून एक हुंदक्यासारखा आवाज निघाला, आणि तो बसला. ताई आत आल्या. त्याच्यासमोर वाकल्या आणि त्याच बारीक हातानं त्याचं डोकं कुरवाळलं.

मुलानं साखळी खिशात घातली. ताई सरळ होत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमी एक शब्द बोलून थांबले. मले वाटलं, तब्येत तं बरी आहे ना?"

कारंज्याच्या बाईंबद्दल भाऊंची एकच तक्रार राहिली. "एवढं शिकवलं, बावा, पन कागद नाई देल्ला."

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. भाऊ पुन्हा बोलू लागले, मी पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजू लागलो. संध्याकाळी कधी मी नालवाडीला गेलो की आम्ही तिघं फिरायला निघतो, वस्ती संपते तिथून पुढे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांमधून पार कालव्याच्या पुलापर्यंत. मंत्र्याचं तोंड पांढरं झालंय. मागचे पाय चालताना जरासे ओढतात. परवा आम्ही निम्म्या वाटेतल्या बाभळीपाशी पोचलो तेव्हा तो मागे राहिला होता. भाऊंनी वळून पाहिलं. बोलता बोलता ते मध्येच थांबले, खाली वाकून आपला गुडघा चोळू लागले आणि म्हणाले, "साडूभाऊ, आजकाल माहे गुडघे लय दुखून राह्यले. इथूनच परतू का?"

त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. त्याच दिवशी सकाळी गच्चीवर गहू वाळत घालायला ते चार वेळा जिना चढल्याचं ताईंनी मला सांगितलं होतं.

"परतू," मी म्हटलं. "माझेही दुखतातच."

मंत्री आमच्यापर्यंत येईपर्यंत आम्ही दोघं बाभळीखाली गुडघे चोळत उभे राहिलो.