बोल्टवरची पांढरी रेघ

कंपनाच्या चाचणीला यंत्र लावताना बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही. केबल यंत्राजवळच बांधायची, नाहीतर ती फडफडते आणि दोष यंत्राच्या माथी जातो. आणि टॉर्क पाना ठरलेल्या जोराला पोचून ‘कट्ट’ वाजल्यावरच पेंटनं पांढरी रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या प्लेटपर्यंत सलग. रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. हे सगळं मला नगरच्या एमआयडीसीतल्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी शिकवलं. मी गोंदियाकडचा, नववीतच शाळा सोडलेला. आलेख वाचायलाही त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला सारून.

त्या दिवशी सोनईचे एक दादा ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा कंट्रोल बॉक्स घेऊन आले होते. स्वतःच्या शेडमध्ये बनवलेला. इथं पास झाला तर एक कंपनी तो घेणार होती. मी आठ बोल्ट हातानं बसवले आणि पान्यानं सहा आवळले. त्यांच्या रेघा ओढताना घाईत उरलेल्या दोन्हींच्याही आधीच ओढून घेतल्या, तेवढ्यात आईचा फोन आला. तिला बरं नव्हतं. बोलून परत आलो तर आठही रेघा समोर दिसल्या, म्हणून पाना जागेवर ठेवून दिला.

कंपनाचं टेबल हलायला लागलं आणि थोड्याच वेळात आवाज फाटला. आलेखात सुळका उभा राहिला. मॅडमनी मशीन थांबवलं, वाकून रेघा पाहिल्या. सगळ्या सलग.

“बोल्ट ठीक आहेत. म्हणजे बॉक्सच थरथरतोय, दादा. पत्रा जाड करावा लागेल.”

“जाड मंजी नवा साचा आला. लई येळ जाईल, मॅडम. त्यान्ला सोमवारी रिपोर्ट पायजे हुता.” मग दादा माझ्याकडे वळले. “तुमच्या टेबलालाच हिव भरलंय का काय, बघा की भाऊ.”

मला हसता आलं नाही. पाण्याच्या पिंपापाशी दोनदा जाऊन आलो, पाणी न पिताच. मॅडमनी माझ्या रेघेवर भरवसा ठेवला होता, डोळे झाकून. खरं बोललो आणि काम गेलं, तर नववीवाल्याला दुसरीकडे कोण असं टेबल चालवायला देणार? आणि नाही बोललो, तर हा माणूस चांगला साचा मोडणार.

“मॅडम, शेवटच्या दोन रेघा मी आवळायच्या आधीच ओढल्या होत्या. ते बोल्ट आवळायचे राहिलेत बहुतेक.”

त्यांनी पाना माझ्या हातात दिला. सातवा बोल्ट चांगला अर्धा आटा फिरला. आठवाही.

“सगळ्या रेघा पूस. पहिल्यापासून.”

“आमची बायकू म्हनत हुती, देवाला नारळ फोडून जावा,” दादा म्हणाले. “भाऊ, तुमी बोलला नसता तर म्या घरी जाऊन साचाच फोडला असता.”

या वेळी सुळका आला नाही. दुपारनंतर धक्क्याची चाचणी झाली. प्रत्येक दणक्याला दादा मान आत घ्यायचे नि विचारायचे, “झालं का?” बॉक्स पास झाला. रिपोर्ट घेऊन ते गेले, तेव्हा मी मॅडमपुढे उभा राहिलो, काय ऐकावं लागतंय याची वाट बघत.

त्यांनी माझ्या खिशातला पेंटचा पेन काढून आपल्या खिशाला लावला. “आजपासून आवळायचं तू, रेघ मी ओढणार. आईला फोन लाव आता.”

अजून तसंच चाललंय. रेघ झाली तरी मी पाना पुन्हा लावून बघतो.

“अरे, वाजलं होतं,” त्या म्हणतात.

“हो मॅडम,” म्हणतो, आणि आठवा बोल्ट पुन्हा बघतो.