हेल्मेट खाली ठेवू नये

एसटीनं जावं, हे बायकोचं म्हणणं. माझ्या भाचीचं इंदूरला लग्न होतं. बायको मुलांना घेऊन चार दिवस आधीच पोचली होती; येवल्याची पैठणी मागावरून उतरायला उशीर झाला म्हणून मी एकटा नाशकात मागे राहिलो होतो. फोनवर ती म्हणाली, "परवा बाराचा मुहूर्त आहे. मामाशिवाय नवरी मांडवात यायची नाही. तुमची हौस राहू द्या."

पण घरात अडवायला कोणी नसताना हौस राहते होय? २००७चा मे महिना. पहाटे इंदिरानगरातून शंभर सीसीची गाडी काढली. येवल्यात विणकरकाकांनी खोकं बांधता बांधता गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साडी तरी एसटीनं पाठवा."

मनमाड सोडल्यावर खोक्याची दोरी सैल झाली. बाभळीखाली थांबलो, हेल्मेट काढून मागच्या चाकाजवळ रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि गाठ मारायला लागलो. लांब पल्ल्याचे गाडीवाले हेल्मेट असं खाली ठेवतात ते मदत हवी असली तरच, हे मला कुठं ठाऊक!

पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बुलेटवरून उतरले. नामपूरचे केदाभाऊ.

"काय व्हयनं भाऊ?"

काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण असा मुरलेला गडी आपल्याला आपल्यातला समजतोय, हे इतकं गोड वाटलं की मी म्हणालो, "जरा आवाज येतोय."

त्यांनी किक मारली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मान तिरकी करून ऐकलं, गाडी बंद केली, पाने काढले आणि कार्ब्युरेटर उघडला. तेवढ्यात हेल्मेट पाहून सटाण्याचे दोघे थांबले. मग केदाभाऊंच्या बोटांतून इंजिनाला पेट्रोल मोजून देणारं, ज्वारीच्या दाण्याएवढं पितळी जेट निसटून मातीत गेलं. चौघांनी गुडघ्यांवर बसून अर्धा तास माती चाळली. मिळालं नाही. धडधाकट गाडी माझ्या एका थापेनं बंद पडली होती. साडेदहा वाजले होते. लग्नाचं सगळं सांगून टाकलं, थाप तेवढी गिळली.

केदाभाऊंनी बुलेटची चावी माझ्या हातात ठेवली. "हाई लई जाय. तुन्ही गाडी मी नीट करसू." फोन नंबर दिला, माझं आडनावसुद्धा विचारलं नाही. माझी गाडी वाटेनं परतणाऱ्या कांद्याच्या रिकाम्या पिकअपमध्ये चढली आणि ते सटाणेकरांच्या मागे बसले.

जुन्या बुलेटला गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. धुळ्यापर्यंत मी ब्रेक म्हणून गियरच दाबत होतो. तिथं शेवभाजी-भाकरी पंचवीस रुपयांत, घाम फुकट. सेंधव्याचा घाट दुपारी टाळा, ट्रकांची रांग हलत नाही. दिवेलागणीनंतर इंदूर.

दुसऱ्या दिवशी पैठणीतल्या भाचीला हाताला धरून मांडवात नेलं. ती कानाशी म्हणाली, "मामा, तुम्हाला कांद्याचा वास येतोय." खोकं केदाभाऊंनी दिलेल्या कांद्याच्या बारदानात गुंडाळून आणलं होतं ना! मला रडू येत होतं, ते कांद्यावर खपलं.

परतताना नामपूर. माझी गाडी धुऊन ओट्याशी उभी. वहिनींनी मांडे आणि आमरस वाढला. दुसऱ्या मांड्याला मला राहवेना.

"भाऊ, गाडीला काही झालंच नव्हतं."

"माहीत शे. पहिल्या किकले चालू व्हयनी ती."

"मग उघडली कशाला?"

"हेल्मेट खाले व्हतं. तू आवाज येस म्हनना. मी तसाच निंघी जातू का?"

वहिनींनी विचारलं, "आन् जेट कोनी पाडं?"

"रस वाढ," केदाभाऊ ताटाकडे बघत म्हणाले.

त्यांच्या फोनमध्ये मी अजून 'नाशिक हेल्मेट' या नावानं आहे. मी आता हेल्मेट आरशालाच अडकवतो. बायको म्हणते, त्या लग्नातला केदाभाऊ हा एवढा एकच आहेर तुम्ही सांभाळलात. त्या माणसानं चावी दिली तेव्हा माझी थाप त्याला ठाऊक होती, हे आठवलं की मी नामपूरला फोन लावतो.

परवा चांदवडच्या अलीकडे एकाचं हेल्मेट खाली दिसलं. थांबलो. हात पाठीमागे बांधून विचारलं, "काही झालंय का?"

"नाही हो, काकडी खातोय," म्हणत त्यानं सावलीत सरकून जागा केली.

मी गाडी बंद केली आणि बसताना हेल्मेट खाली ठेवलं. काकडी संपायच्या आत तिसरा थांबला.