खिंडीकडे जाताना

हिटरवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा वास आला की हिमाचलातली ती बर्फाची चढण आठवते. दिल्लीतल्या कॉलेजच्या ग्रुपबरोबर मी करोल बागेतले स्वस्त बूट घालून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मी सारखा मागे पडू लागलो आणि आता आपल्याला परत पाठवतील, अशी भीती वाटली. आमची लीडर, गुडगावच्या नव्या ट्रेकिंग कंपनीत नुकतीच लागलेली मराठी ताई, म्हणाली, "तू सगळ्यांच्या पुढे चल." "चेष्टा करताय का, ताई?" "बिल्कुल नाही यार! सगळ्यात हळू चालणारा पुढे असला की कुणी सुटत नाही." खिंडीपर्यंत सगळे माझ्याच चालीने आले, ताई सर्वांत शेवटी. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे पुढे कुणी नसण्याची सवय होती; मागे कुणी असलं की किती धीर येतो, हे मात्र मला आजही तिच्यामुळेच ठाऊक आहे.