वाचनालयाचा उतार

पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्याला उतार होता. पोत्यांची हातगाडी सरसर वर जायची. गावातल्या वाचनालयाला मात्र पायऱ्याच. म्हणजे ज्वारीच्या पोत्याची सोय झाली, माणसाची नाही! हे मी पत्रकात छापून वाटलं, तर वाचनालयाचे चिटणीस म्हणतात, "अरे, त्याला उचलायला तुम्ही आहात की."

'त्याला' म्हणजे आमच्या दादाला. नात्यानं कुणाचा नाही, पण अख्ख्या वस्तीचा दादा. पोलिओनं पाय गेलेले, बुडाखाली हातानं फिरवायची तीनचाकी, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे आमचे सगळे फलक त्याच्याच अक्षरात. रोज पेपर वाचायला यायचा. आम्ही पोरं मोर्चाच्या सवयीनं घोषणा देत त्याला तीनचाकीसकट वर न्यायचो. आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

एकदा अधांतरीच तो ओरडला, "ठुवा खाली! मी काय पालखीतला देव हाय? तुमी आलात तरच मी पेपर वाचायचा का रं?"

त्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला. वाचनालय त्याच्याविना भकास वाटायला लागलं.

मी पत्रकांवर पत्रकं काढली. शेवटी चिटणीस वैतागले. "बांधा बाबांनो, पण हे कागद आवरा."

आम्ही मुरूम टाकला, वर शहाबादी फरशी बसवली. दादा आला. निम्म्यात तीनचाकी मागं घसरायला लागली. मी धावलो.

"हात लावू नको! लय उभा झालाय उतार. लांबव."

लांबवला तर थेट पानटपरीच्या दारात येत होता. टपरीवाला भडकला, "दादा, माझं गिऱ्हाईक कुठं उभं ऱ्हाईल?"

"उतार सोडून कुठंबी."

शिव्या देत देत त्यानं टपरी स्वतःच सरकवली, वर दादाला फुकट पान दिलं.

पुन्हा उतार झाला. त्या सकाळी सगळी वस्ती लोटली. हलगी, हार, माझं भाषण. दादा खाली, हँडलवर हात ठेवून बसलेला.

"भाषण मागून कर, आधी सरक. समदे वाटंवरच हुबे हायेत!"

खरंच की, उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही हसत बाजूला झालो. तो घामेघूम होत, थांबत थांबत चढला आणि हाराकडं न बघता आत गेला.

खूप वेळानं मी खिडकीतून डोकावलो. पेपरामागून आवाज आला, "घरी जा रं तू. मी येतो माझा."