अक्का दार राखत होत्या

गल्लीतून चालताना अक्का माणसांकडे कमी आणि दारांकडे जास्त बघत. भरदिवसा एखाद्या दाराला कुलूप दिसलं की थांबत, ते हातात धरून पाहत आणि पुढे जात. गुरुवारी सत्संगात त्या घरच्या बाईला उत्तर द्यावं लागे. आमच्या पंथात नियमच आहे : लग्न झालेल्या बाईच्या घराला दिवसा कुलूप लागता कामा नये.

पाचोऱ्यात बायकांचा वर्ग अक्काच घेत. "घर बाईनं देऊळ शे," त्या आपल्या अहिराणीत सांगत. "देऊळले कोणी दिवसा कुलूप लावस का?"

दुपारी देव झोपतो तेव्हा लावतात की, असं एकदा मागून कुणीतरी म्हणालं होतं.

"तेवढी झोप तुले बी माफ शे," अक्का म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

लग्नानंतर वर्षभरात मला जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली. घरात आम्ही दोघंच. नवरा दुकानावर, मी रोज अपडाउन करणार. म्हणजे कुलूप आलंच. सत्संगानं हरकत घेतली तर नोकरी सोडावी लागेल, असं गावाकडच्या सासऱ्यांनी आधीच बजावलं होतं. गुरुवारी अक्कांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि बरंच सुनावलं. घरी येऊन मी राजीनामा लिहून ठेवला.

सकाळी गाडीच्या वेळेला अक्का दारात उभ्या. हातात मेथीची जुडी.

"ते कुलूप ठेव. मी बसस आठे."

काल तर तुम्हीच बोललात, असं मी कसंबसं म्हटलं.

"काल सांगं ते खरंच शे. तू जाय, गाडी चुकी जाई."

मग सहा वर्षं हेच चाललं. त्या आमच्या घरी बसून भाजी निवडत, खुर्चीत डुलक्या घेत, वाळलेले कपडे घडी करून ठेवत. आणि गुरुवारी नोकरी करणाऱ्या बायकांविरुद्ध पूर्वीच्याच जोरानं बोलत, माझ्याकडे बघूनसुद्धा. एकदा न राहवून मी कारण विचारलं. त्या मेथीच्या काड्या खुडत राहिल्या.

"माले इचारू नको," त्या म्हणाल्या. "माले बी सगळं समजत नही."

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. त्यांच्या घरच्या अंगणातल्या शोकसभेत मीही बोलावं, असं ठरलं. शिकलेली म्हणून. बाहेर एकेक जण उठून त्यांना आदर्श गृहिणी म्हणत होता. मला मात्र त्या सहा वर्षांबद्दल सांगायचं होतं. आधी घरच्यांच्या कानावर घालावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. अक्कांची सून, सुनंदा, चहा गाळत होती. ती बी.एड. झालेली. तिला शाळेतून दोनदा बोलावणं आलं होतं, आणि दोन्ही वेळा अक्कांनी नाही म्हटलं होतं.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे, ताई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या तुमच्याकडे बसू शकल्या, कारण इथे मी बसले होते."

बाहेर माझं नाव पुकारलं.

"जा," सुनंदा म्हणाली आणि कप मांडू लागली.

मी जाऊन उभी राहिले. अक्कांमुळे माझी नोकरी टिकली, एवढं बोलले. त्यापुढचं वाक्य सुनंदाचं होतं. ते बोलणं मला अक्कांवरचा आरोप वाटत होता आणि न बोलणं तिच्यावरचा अन्याय. लोक वाट बघत होते. मी तशीच उभी राहिले.